इब्न नफीस आमचे, मग बकऱ्याचं दिल उघडायला मनाई का?

दर बकरी ईदला आमच्या मुहल्ल्यातल्या घराघरांत एक तरी दिल येतं. कलेजी, गुर्दा आणि दिल वेगळ्या थाळीत काढून ठेवलेलं असतं आणि पहिली कढई त्याचीच चढते. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. अम्मीच्या हाताखाली शिकल्यापासून मी किती दिलं धुतली, चिरली, आलं-लसूण लावून परतली, याचा हिशेब नाही. पण त्याच्या मधोमध जो पडदा असतो तो नीट पाहिला गेल्या वर्षी. तोही स्वयंपाकघरात नाही, शाळेच्या वर्गात. त्यावरून जे झालं त्याबद्दल आज लिहायचं आहे. काही जणांना राग येईल. येऊ द्या.

मी भाषेची शिक्षिका. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, गरज पडली तर उर्दूही. आमच्याकडे विज्ञानाच्या शिक्षिकेची जागा रिकामी झाली ती रिकामीच राहिली. हेडसरांनी मला बोलावून सांगितलं, "आप बी.एड. हैं, आठवी का सायन्स भी देख लीजिए." बी.एड. म्हणजे जणू सगळ्या रोगांवरचं औषध! नाही म्हणायची सोय नव्हती. म्हणून चाळिशी उलटल्यावर मी आठवीचं विज्ञान घेऊन रात्री घरी शिकायला बसले.

हृदयाच्या धड्यापाशी मी आधी शब्दांतच रमले. भाषेची माणसं असंच करतात. मी शाळेत होते तेव्हा मराठीच्या पुस्तकात हृदयाच्या वरच्या कप्प्याला कर्णिका म्हणत. अरबी-उर्दूत त्याला उज़ैन म्हणतात, म्हणजे छोटा कान. दोन्हीकडे कानच! खालचा कप्पा बुतैन, म्हणजे छोटं पोट. आता मराठीत अलिंद आणि निलय म्हणतात. अलिंद म्हणजे घरापुढची ओसरी, निलय म्हणजे घर. मुलींना मी सांगितलं, पाहुणा आधी ओसरीवर येतो, मग घरात जातो, रक्तही तसंच. एकदा सांगितलं, पुन्हा कुणी चुकलं नाही. धमनी म्हणजे शिरियान, शिरा म्हणजे वरीद. वरीद हा शब्द तर सूरह क़ाफ़ पढणाऱ्या प्रत्येक मुलीच्या कानावर असतो. तो आपल्या मानेतल्या रक्तवाहिनीबद्दल आहे हे त्यांना पहिल्यांदा कळलं, तेव्हा अख्ख्या वर्गाचे हात मानेवर गेले.

पण शब्दांनी काम एका जागी अडलं. धमनी शुद्ध रक्त नेते, शिरा अशुद्ध रक्त आणते, असं पाठ करून घेतलेलं. मग फुप्फुस धमनी अशुद्ध रक्त का नेते? परीक्षेत हमखास येणारा प्रश्न, आणि मुली विचारत होत्या, "टीचर, किताब में गलती है क्या?" चूक पुस्तकाची नव्हती, पाठांतराची होती. हृदयापासून दूर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिरा. रक्ताच्या शुद्ध-अशुद्धाशी त्या नावाचा संबंध नाही. हे मला फळ्यावर पटवता येईना. म्हणून मी मटणवाल्या चाचांकडे गेले आणि म्हटलं, "चाचा, तीन दिल हवेत. पण चिरा मारू नका आणि वरच्या नळ्या कापू नका." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी जादूटोणा करणार आहे.

दुसऱ्या दिवशी वर्गात टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर स्टीलचे ताट. एका दिलाच्या उजव्या बाजूला वरून पाणी ओतलं आणि मुठीत दाबलं. पाणी फुप्फुसाकडे जाणाऱ्या नळीतून बाहेर उडालं, माझ्या बाहीवर. डाव्या बाजूला एक थेंब गेला नाही. मग दुसरं दिल उभं चिरलं. उजवी भिंत पातळ, डावी तिच्या कितीतरी पट जाड. एका मुलीने लगेच सांगितलं, उजवीला जवळ फुप्फुसापर्यंत ढकलायचंय, डावीला पायाच्या अंगठ्यापर्यंत. आतमध्ये झडपा, आणि त्या उलटू नयेत म्हणून बांधलेल्या पांढऱ्या दोऱ्या, शिलाईच्या दोऱ्यासारख्या. आणि मधला पडदा. त्याच्या अंगावर खाचा दिसतात, छोटे खड्डे. मुलींनी विणायच्या सुईची बोथट बाजू त्या खड्ड्यांत घालून पाहिली. सुई आत जाते आणि थांबते. पलीकडे निघत नाही. एकीनं चार ठिकाणी करून पाहिलं, चारही ठिकाणी थांबली.

हे लक्षात ठेवा. त्या थांबलेल्या सुईवर हजार वर्षांचा वाद आहे.

तिसऱ्या दिवशी तक्रार आली. खून नापाक असतो, मुलींच्या हातात दिलंच कसं? मुली आहेत, त्यांना हे कशाला? उद्या बेडूक आणाल, परवा आणखी काही. हेडसर भले गृहस्थ आहेत. त्यांनी मला नोटीस दिली नाही, नुसतं म्हणाले, "मॅडम, जाने दीजिए, आइंदा चार्ट से पढ़ाइए." चार्ट १९९० च्या आसपासचा असावा. त्यावरचा निळा रंग उडून पांढरा झालाय, त्यामुळे अशुद्ध रक्त दिसतच नाही.

वाहतं रक्त नापाक आहे हे मला कुणी सांगायला नको. म्हणूनच हात धुतात. ज्या घरांतून तक्रार आली त्या घरांतल्या याच मुली ईदच्या दिवशी मोठ्या पातेल्यात मटण धुतात. तेव्हा हात नापाक होत नाहीत का? होतात, आणि धुतले की पाक होतात. शाळेतही नळ आहे, साबण मी घरून नेला होता. मला वाटतं, अडचण रक्ताची नव्हती. मुली स्वयंपाकासाठी दिल चिरतात तेव्हा कुणाला काही वाटत नाही. समजण्यासाठी चिरलं की वाटतं.

यानंतर दोन महिन्यांनी शाळेचा सालाना जलसा होता. बाहेरून एक मुकर्रिर बोलावले होते. विषय : मुसलमान आणि सायन्स. भाषण जोरदार झालं. रक्ताभिसरणाचा शोध विल्यम हार्वेनं लावला हे धादांत खोटं, तो आमच्या इब्न नफीस यांनी चारशे वर्षं आधी लावला, हार्वेनं तो चोरला, आणि तसंही हे सगळं चौदाशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवलेलं आहे. सुब्हानल्लाहचा गजर झाला. ज्यांनी माझी तक्रार केली होती ते दुसऱ्या रांगेत बसून मान डोलवत होते.

प्रश्नांची वेळ आली तेव्हा माझ्या वर्गातली एक मुलगी उभी राहिली. सुई चार ठिकाणी घालून पाहणारी तीच. तिनं विचारलं, "सर, इब्न नफीसने दिल खोल के देखा था क्या?"

मुकर्रिर हसले. म्हणाले, "बेटी, बड़ों की बात पर सवाल नहीं करते, फ़ख़्र करते हैं. बैठ जाइए." ती बसली. टाळ्या वाजल्या. आणि मी? मी आभारप्रदर्शनाचा कागद हातात घेऊन स्टेजच्या कडेला उभी होते. बोलले नाही. त्या गप्प बसण्याचं देणं म्हणून हा लेख लिहिते आहे, असं समजा.

तिचा प्रश्न अगदी नेमका होता. इब्न नफीस यांनी आयुष्यभर तोच प्रश्न दुसऱ्यांना विचारला.

त्यांचं पूर्ण नाव अलाउद्दीन अबुल हसन अली, कुरशी, दमिश्कचे. जन्म १२१३ च्या सुमाराचा. दमिश्कच्या नूरी बीमारिस्तानात, म्हणजे नूरुद्दीन झंगींच्या नावाच्या इस्पितळात, ते वैद्यक शिकले. पुढे कैरोला गेले, तिथे मोठे हकीम झाले. शिवाय शाफ़ई मसलकाचे फ़क़ीह होते, कैरोच्या मसरूरिया मदरशात फ़िक़्ह शिकवत. १२८८ मध्ये वारले तेव्हा घर आणि कुतुबखाना मन्सूरी इस्पितळाला देऊन गेले. त्यांचे चरित्रकार सांगतात की अखेरच्या आजारात औषध म्हणून दारू सुचवली गेली तर त्यांनी ती घेतली नाही. म्हणजे हा माणूस दीनदार होता की नाही यावर कुणी शंका काढू नये. मी हे मुद्दाम लिहितेय, कारण आमच्याकडे प्रश्न विचारला की पहिली शंका ईमानवर येते.

१२४२ साली, तिशी गाठण्याआधी, त्यांनी एक भाष्य लिहिलं. शर्ह तशरीह अल-क़ानून. इब्न सीनांच्या अल-क़ानून या ग्रंथातल्या शरीररचनेच्या भागावरची टीका. इब्न सीना म्हणजे शैख़ुर्रईस, वैद्यकातला शेवटचा शब्द. आणि त्यांच्या मागे उभा जालीनूस, म्हणजे ग्रीक वैद्य गॅलेन, दुसऱ्या शतकातला. हजार वर्षं जगानं जालीनूसचं ऐकलं. तो म्हणे, रक्त यकृतात अन्नापासून तयार होतं, हृदयाच्या उजव्या कप्प्यात येतं आणि मधल्या पडद्याच्या न दिसणाऱ्या छिद्रांतून झिरपून डाव्या कप्प्यात जातं. ते खड्डे आठवतात ना, ज्यांत सुई अडली? तीच ती छिद्रं. कुणाला पलीकडे निघालेली दिसली नव्हती. पण जालीनूसनं म्हटलंय म्हणजे असणारच.

तिशीच्या आतल्या या हकिमानं लिहिलं की पडदा तिथे घट्ट आहे. काही लोक समजतात तसं दिसणारं छिद्र त्यात नाही, आणि जालीनूस समजला तसं न दिसणारंही नाही. मग डावीकडे रक्त पोहोचतं कसं? तर उजव्या कप्प्यातून ते फुप्फुसात जातं, तिथे हवेत मिसळतं आणि फुप्फुसाकडून येणाऱ्या वाहिनीनं डाव्या कप्प्यात उतरतं. जाणारी आणि येणारी, या दोन वाहिन्यांमध्ये बारीक मार्ग असले पाहिजेत असंही त्यांनी म्हटलं. इब्न सीनांनी हृदयाला तीन कप्पे सांगितले होते, यांनी सांगितलं दोनच, आणि तशरीह त्या म्हणण्याला खोटं पाडते, अशा शब्दांत सांगितलं. 'तबीयत ठीक नसावी शैखांची' असं गोड बोलून नाही.

गंमत बघा, त्यांच्या काळात फुप्फुसाकडे जाणाऱ्या वाहिनीला वरीद शिरियानी म्हणत आणि येणारीला शिरियान वरीदी. धमनीसारखी शीर आणि शिरेसारखी धमनी. आमच्या आठवीच्या मुली ज्या प्रश्नाला अडल्या त्याच प्रश्नाला जुने हकीमही अडले होते आणि त्यांनी दोन्ही नावं जोडून वेळ निभावली होती!

आता त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर. त्यांनी दिल उघडून पाहिलं होतं का? पुस्तकाच्या सुरुवातीला ते स्वतः म्हणतात की शरीअतची मनाई आणि स्वतःच्या स्वभावातली दया यामुळे आपण विच्छेदनापासून दूर राहिलो. पण पडद्याचं इतकं ठाम वर्णन वाचून अनेक अभ्यासकांना वाटतं की जनावराचं हृदय तरी त्यांनी पाहिलं असलंच पाहिजे. हा वाद मिटलेला नाही. म्हणजे आठवीतली मुलगी जगातल्या अभ्यासकांच्या रांगेतला प्रश्न विचारत होती आणि आपण तिला बसवलं.

फ़ख़्र करायचाच असेल तर पूर्ण हिशेबानं करू. इब्न नफीस यांनी फुप्फुसाचा फेरा सांगितला, पूर्ण रक्ताभिसरण नाही. रक्त यकृतातच बनतं आणि अवयव ते वापरून टाकतात, हे जुनं मत त्यांनीही धरून ठेवलं. डाव्या कप्प्यातून निघालेलं रक्त शरीरभर फिरून पुन्हा उजव्या कप्प्यात येतं हे त्यांनी म्हटलेलं नाही. ते हार्वेनं म्हटलं, १६२८ साली. त्यानं ते नुसतं म्हटलं नाही, मोजलं.

ती मोजदाद मी वर्गात करून घेतली. नाडी मिनिटाला ७२. दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त. मिनिटाला पाच लिटर झालं. तासाला तीनशे. दिवसाला सात हजार लिटरच्या वर. आमच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो तेव्हा अख्खी गल्ली त्यावर निघते. एवढं रक्त यकृत रोज नव्यानं बनवणार? कशातून, दोन पोळ्या आणि डाळीतून? हार्वेनं तर आकडे मुद्दाम कमी धरले होते, तरी उत्तर अशक्य येत होतं. म्हणजे रक्त तेच आहे, फिरून येतं. मग त्यानं दंडाला पट्टी बांधून दाखवलं की शिरांतल्या झडपा रक्ताला एकाच दिशेनं, हृदयाकडेच, जाऊ देतात. त्या झडपांवर पडुआला त्याच्या गुरूनं, फॅब्रिशियसनं, पुस्तक लिहिलं होतं. पण त्या कशासाठी आहेत हे गुरूला नीट उमगलं नव्हतं, ते शिष्यानं सांगितलं. धमनीतून शिरेत रक्त जातं कुठून, हे हार्वेलाही दिसलं नाही. १६६१ मध्ये मालपिगीनं बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून केशिका पाहिल्या, तेव्हा हार्वेला जाऊन चार वर्षं झाली होती.

यात चोरी कुठे आहे? फुप्फुसाच्या फेऱ्याबद्दल सर्व्हेटसनं १५५३ मध्ये आणि कोलंबोनं १५५९ मध्ये लिहिलं. त्यांच्यापर्यंत अरबी ग्रंथाचा काही अंश पोहोचला होता का यावर इतिहासकार वाद घालतात. पुरावा हाती नसताना एखाद्याला चोर म्हणणं याला आपल्याकडे बोहतान म्हणतात आणि तो गुनाह आहे. जलशात सुब्हानल्लाह म्हणताना हे कुणाला आठवलं नाही.

आणि बोलायचंच तर घरचं बोलू. १२४२ चं हे पान आपण किती वर्षं उघडलं नाही? इब्न नफीस यांचंच दुसरं एक पुस्तक, मूजज़, फार चाललं. क़ानूनचा संक्षेप. आपल्या हिंदुस्थानातल्या युनानी शिक्षणातही ते होतं, त्यावर टीकांवर टीका लिहिल्या गेल्या. पण त्या संक्षेपातून शरीररचनेचा भागच गाळलेला होता. आमच्या दहावीच्या मुलांसारखं. मूळ पुस्तक कपाटात आणि गाइडवर पास! शेवटी १९२४ मध्ये मुहियुद्दीन ततावी नावाच्या इजिप्तच्या तरुण डॉक्टरनं बर्लिनच्या ग्रंथालयातलं हस्तलिखित वाचून जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात त्यावर प्रबंध लिहिला. नंतर कैरोत राहणाऱ्या माक्स मेयरहॉफ यांनी ते जगापुढे मांडलं. मेयरहॉफ डोळ्यांचे डॉक्टर, जन्मानं जर्मन ज्यू. ज्यांच्या मोबाइलमधून इब्न नफीस आणि ज्यूंचे कारस्थान असे दोन मेसेज एकाच सकाळी येतात, त्यांनी हे जरा दोनदा वाचावं.

आता दुसऱ्या बाजूला वळते, कारण काही वाचक इथपर्यंत खूश झाले असतील. एका प्रशिक्षणात शेजारी बसलेल्या गुरुजींना मी इब्न नफीस यांच्याबद्दल सांगायला लागले, तर ते हसून म्हणाले, "मॅडम, तुमच्यात सगळं आधीच लिहिलेलं असतं ना?" त्यांच्याच मोबाइलवर जेवणाच्या सुट्टीत मी पुष्पक विमानाचं तंत्रज्ञान पाहिलं. सुश्रुत खरे होते, त्यांचं काम खरं होतं, ते विमानाच्या शेजारी बसवलं की त्यांचाच अपमान होतो हे त्यांना कळत नाही. आणि स्पर्धा परीक्षेची पुस्तकं? रक्ताभिसरणाचा शोध : विल्यम हार्वे. एक ओळ, एक नाव. माझंही शालेय शिक्षण त्याच ओळीवर झालं. त्यात इब्न नफीस नाहीत हा अन्याय आहेच, पण त्यात फॅब्रिशियस नाही, मालपिगी नाही, ती मोजदाद नाही, पट्टी नाही, सुई नाही. मुलाला वाटतं शोध म्हणजे एका गोऱ्या माणसाला एका सकाळी सुचलेली गोष्ट. मग आमची मुलं त्या नावाजागी आपलं नाव बसवतात आणि त्यालाच ज्ञान समजतात. त्या ओळीत माझ्या धर्माच्या माणसाचं नाव आलं तर मला बरं वाटेल, खोटं कशाला बोलू. पण नाव बदलून ओळ तेवढीच राहणार असेल तर माझ्या वर्गाला त्याचा उपयोग नाही.

एवढं चिडायला काय झालं, असं विचारणाऱ्यांना माझ्या घरातली गोष्ट सांगते. ही गोष्ट मी आजवर कुठे लिहिली नव्हती.

२००९ च्या पावसाळ्यात एका रात्री जेवणानंतर आब्बांच्या छातीत जड वाटायला लागलं. घाम सुटला, डावा हात दुखतो म्हणाले. आम्ही सगळे घरी होतो, शिकलेले होतो, मी तर बी.एड. झालेली. आम्ही ठरवलं, गॅस आहे. अम्मीनं ओवा दिला. मी लिंबू-सोडा करून दिला. भावानं पाठ चोळली. कुणीतरी दम केलेलं पाणी आणलं, आणि त्यालाही माझी हरकत नाही, पण रिक्षा कुणी आणली नाही. चार तास असे गेले. पहाटे दवाखान्यात नेलं तेव्हा हाती फार काही उरलं नव्हतं.

नंतर डॉक्टरांनी केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दिल काढून दाखवलं. दिलाच्या अंगावरून जाणारी एक नळी, तिथे गाठ, म्हणून पुढच्या भागाला रक्त मिळालं नाही. मी ते चित्र बघत होते आणि मला एक गोष्ट कळत नव्हती. विचारायची लाज वाटली म्हणून विचारलीही नाही. दिल तर रक्तानं भरलेलं असतं. मग ते रक्तावाचून मरतं कसं?

पंधरा वर्षांनी, आठवीच्या धड्याची तयारी करताना, उत्तर सापडलं. कप्प्यातलं रक्त दिलाला मिळत नाही, ते फक्त तिथून जातं. दिलाचं स्वतःचं रक्त त्याच्या अंगावरच्या बारीक धमन्यांतून येतं, आणि त्या बंद झाल्या की आतून तुडुंब भरलेलं दिलही उपाशी मरतं. बँकेतला कॅशियर दिवसभर नोटा मोजतो म्हणून त्याचं घर त्यातून चालत नाही, तसंच. आणि मग इब्न नफीस वाचताना कळलं की मला जी चूक होत होती ती इब्न सीनांचीही होती. उजव्या कप्प्यातल्या रक्तावर हृदय पोसतं असं ते समजत. इब्न नफीस यांनी तिथेच लिहून ठेवलं की नाही, हृदयाला पोषण त्याच्या शरीरात पसरलेल्या वाहिन्यांतून मिळतं. बाराशे बेचाळीस साली! आणि दोन हजार नऊ साली, ज्यांना त्यांच्या नावाचा अभिमान आहे त्यांच्या घरात, ओवा आणि लिंबू-सोडा.

त्या ज्ञानानं आब्बा वाचलेच असते असं मी म्हणत नाही. अल्लाहची मर्ज़ी. पण चार तास तर वाचले असते.

म्हणून मला त्या तीन दिलांचं महत्त्व वाटतं. वर्गात मी मुलींना त्या धमन्या बोटानं दाखवल्या होत्या. बाहेरून, चरबीच्या रेघेखाली, झाडाच्या मुळांसारख्या पसरलेल्या. चरबी नखानं बाजूला केली की दिसतात. सांगितलं होतं, घरात कुणाच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं झालं, घाम फुटला, दुखणं हातात किंवा जबड्यात उतरलं, तर गॅस आहे की नाही हे डॉक्टरला ठरवू द्या, तुम्ही आधी १०८ लावा. अठ्ठावीस मुलींनी वहीत लिहून घेतलं. चार्टवर त्या धमन्या नाहीत. पाहिलंय मी.

ज्यांनी तक्रार केली त्यांना माझं सांगणं आहे. इब्न नफीस आमचे म्हणायचं असेल तर त्यांच्या घरातले कायदे पाळावे लागतील. त्या घरात शैख़ुर्रईसलाही 'दाखवा' म्हटलं जात होतं. राज़ींनी जालीनूसवरच्या शंकांचं आख्खं पुस्तक लिहिलं, इब्न हैसम यांनी टॉलेमीवरच्या शंकांचं. शंका हा त्यांच्याकडे किताबचा विषय होता, आपण तो शिस्तभंगाचा केलाय. मुलीला 'बैठ जाइए' म्हणणाऱ्या जलशात इब्न नफीस स्वतः आले असते तर त्यांनाही बसवलं असतं, कारण ते मोठ्यांच्या बोलण्यावर सवाल करत होते.

आणि मुकर्रिर साहेबांना एवढंच. त्या मुलीनं नंतर वर्गात मला दुसरा प्रश्न विचारला. "टीचर, पडद्यात छेद नाही हे त्यांना कळलं, मग रक्त यकृतात बनत नाही हे का नाही कळलं?" मी म्हटलं, बहुतेक कुणी मोजलं नव्हतं म्हणून. ती म्हणाली, "उन्होंने क्यों नहीं मोजा?" ७२ गुणिले ७० एवढा तर हिशेब आहे. मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येत असेल तर पुढच्या जलशात सांगा. या वेळी आभारप्रदर्शन माझ्याकडे नको, मी प्रश्नांच्या रांगेत बसणार आहे.

बकरी ईदला महिना उरलाय. शाळेत मनाई आहे, माझ्या घरी नाही. मटणवाल्या चाचांना आताच सांगून ठेवलंय. ते म्हणाले, "मालूम है मॅडम, चिरा मारू नका, नळ्या कापू नका." पाच मुलींनी येते म्हणून सांगितलंय. दोघींच्या अम्मीही येणार आहेत.